रिकाम्या मंडपाचं तिकीट

वडशाच्या नाटक मंडळीचे मालक सोमाजी मुंबई पाहायला गेले, तेव्हा पुतणी हर्षाने तिकीट काढून त्यांना क्रिकेटच्या मोठ्या स्टेडियमात नेलं. आत सामना नाही, खेळाडू नाहीत, नुसत्या रिकाम्या खुर्च्या. तरी गाईड मोठ्या कौतुकाने सांगत होता, "इथे खेळाडू बूट घालतात, या दारातून मैदानात उतरतात," आणि लोक दाराचे फोटो काढत होते. सोमाजींच्या डोक्यात ते दार पक्कं बसलं.

पुढच्या हंगामात ऐन मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवशी नाटकाच्या हिरोईनचा घसा बसला. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. सोमाजींनी भोंगा बांधलेला ऑटो गावभर फिरवला.

"आज नाटक नाई! ज्या मंडपात नाटक होते, तो रिकामा मंडप दाखवून राह्यलो! हिरो पावडर लावते तो आरसा पाहा, व्हिलन जिथून येते तो पडदा पाहा!"

दुपारपर्यंत मंडप गच्च भरला. जत्रेला आलेले पाव्हणेसुद्धा तिकिटं काढून लेकरंबाळं घेऊन आत घुसले. सोमाजी गेटवर मिशीला पीळ देत उभे होते, तेवढ्यात गावातल्या गिरजाबाई गर्दी रेटत बाहेर आल्या आणि त्यांनी सोमाजींसमोर तिकीट आपटलं.

"रिकामा मंडप दाखवतो म्हने! इथी तं पाय ठेवाले जागा नाई. माहे पैसे वापस दे, भाऊ!"