परत्याची चादर

मुळात येणं हीच चूक होती. गाडीचा मागचा दरवाजा उघडा ठेवला, ही त्यावरची.

प्राण्यांच्या निवाऱ्यातली गाडीवाली दोन गल्ल्या पलीकडे एक मांजर पोचवून निघाली होती. पाचच मिनिटं, नुसतं बघून यायचं, असं स्वतःला बजावत तिनं शिंपीकाकांच्या फाटकापाशी गाडी लावली. सकाळी धुतलेली गाडी आतून अजून ओली होती, म्हणून मागचा दरवाजा वाऱ्याला उघडा टाकला. कुत्रं नव्या घरी दिलं की ज्यानं पोचवलं त्यानं तिकडे फिरकायचं नाही, काय ती चौकशी फोनवर करायची, हा निवाऱ्याचा नियम. तो तिनंच घातलेला. कामावर नवीन येणाऱ्याला ती तो दम देऊन सांगायची. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत.

काकांकडे दिलेल्या कुत्र्याचं नाव निवाऱ्यात परत्या पडलं होतं. बंद पडलेल्या कारखान्यात बांधलेला सापडला, तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता आणि साखळी मानेत रुतलेली. जखम भरली, अंगही धरलं, नशीब मात्र जागचं हललं नाही. पहिल्या घरात बाळ आलं आणि हा नकोसा झाला. दुसऱ्या घराला तो फारच मुका वाटला. दोन्ही वेळा प्रकार तोच: ही गाडी यायची, ही खाली उतरायची, घरातलं कुणीतरी त्याची चादर आणून द्यायचं आणि परत्या मुकाट गाडीत चढायचा. नाव ठेवताना सगळे हसले होते. तीही हसली होती.

शिंपीकाकांकडे मात्र त्याचं बस्तान बसलं होतं. काकू फोनवर भरभरून सांगायच्या. तो काकांच्या मशीनखाली झोपतो, डोक्याशी पायडल खडखडत असतं तरी हलत नाही, म्हणून त्याला आम्ही छोटे मास्तर म्हणतो. आणि काल फाटकावर कुणाला तरी चक्क भुंकला. ते ऐकलं आणि गाडीवालीला राहवलं नाही. निवाऱ्यात त्याचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. भुंकायला आधी घर आपलं वाटावं लागतं.

तिला पाहून काकू हरखल्या. "अगंबाई, ताई तुम्ही? अहो, बाहेर या, बघा कोण आलंय."

आतलं मशीन थांबलं. काकांच्या आधी परत्याच बाहेर आला, शेपूट हलवत. चांगला भरला होता, अंगावर तुकतुकी आली होती. त्याला गाडीवाली दिसली, मग फाटकाबाहेरची गाडी दिसली आणि शेपूट थांबलं. तिनं खाली बसून हात पुढे केला. तो जवळ आला नाही. वळून आत गेला.

"लाजला," काकू म्हणाल्या.

तो पुन्हा बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात चादर होती. काकांनी उरलेले तुकडे जोडून त्याच्यासाठी शिवलेली. तिचं एक टोक जमिनीवर फरफटत होतं. तिघांच्या मधून, कुणाकडेही न बघता तो फाटकाबाहेर गेला आणि गाडीत चढला. कोपऱ्यात चादर टाकून तिच्यावर बसला, तोंड पत्र्याकडे करून. तो कोपरा गाडीवालीच्या ओळखीचा होता.

"हे काय आता? फिरायला जायचंय का याला?"

"नाही काकू," गाडीवाली कशीबशी म्हणाली. "त्याला वाटतंय, तुम्ही त्याला परत करताय."

काकूंचा चेहरा उतरला. त्या गाडीशी धावल्या. आधी हाक मारली, मग लाडीगोडी लावली, मग दुधाची वाटी आणली. "चला छोटे मास्तर, काम पडलंय आत," असंही म्हणून पाहिलं. परत्यानं मान वळवली नाही. तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त गाडी सुरू व्हायची वाट बघत होता.

गाडीवाली 'उतर' म्हणाली असती तर तो उतरलाही असता. पण परतीच्या फेरीत तिच्या तोंडून तो शब्द त्यानं आजवर निवाऱ्याच्या अंगणातच ऐकला होता. उतरून तो तिच्या मागोमाग पिंजऱ्याची वाट धरायला उभा राहिला असता. नुसतं भेटायला आले होते रे, हे त्याला कुठल्या भाषेत सांगायचं? माणसाची समजूत काढता येते, पाया पडता येतं, निदान भांडता तरी येतं. किल्ल्या वाजू नयेत म्हणून तिनं जुडगा मुठीत आवळून धरला.

काका आले. गळ्यात टेप तशीच होती. काका मुलखाचे अबोल. गिऱ्हाइकाशीसुद्धा मापापुरतं बोलायचे. त्यांनी चपला बाहेर काढल्या, वाकून गाडीत चढले आणि ओल्या पत्र्यावर परत्याच्या शेजारी मांडी घातली. त्याला हात लावला नाही. चादरीचं एक टोक तेवढं मांडीवर घेतलं.

"अरे, आम्ही नाही बोलावलं हिला," ते म्हणाले.

परत्या पत्र्याकडेच बघत राहिला.

"तुझी शपथ," काका म्हणाले. "आम्ही नाही बोलावलं."