हाताबाहेर गेलेली

दुकानाच्या काचेच्या पाटीवर रंगवलेला भलामोठा डोळा बरोबर बुबुळातच फुटला, तेव्हा चष्मेवाल्यांचा संयम संपला. दगड समोरच्या गच्चीवरून आला होता. गच्चीवर गलोल घेऊन त्यांचीच बारावीतली मुलगी उभी होती. पळायचं सोडून ती खाली आली आणि ताठ उभी राहून म्हणाली, "मीच मारला."

एके काळी या बबडीचं गल्लीभर कौतुक होतं. शाळेतून आली की दुकानात बसून मुकाट काचा पुसायची. पुढे तिने डोळ्यांचं शिक्षण घ्यायचं आणि दुकान सांभाळायचं, हे चष्मेवाल्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिनेही कधी हूं की चूं केलं नाही. मग दहावीच्या वर्षी पोरीच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! केस स्वतःच कात्रीने कानाच्या वर कापले. शाळेची भिंत चढून पळाली आणि सापडली कुठे, तर नदीच्या पलीकडच्या काठावर, नखशिखांत भिजलेली. शिंपीणकाकू म्हणायच्या, अहो, मुलगी आहे की वानर? त्या हसायच्या आणि चष्मेवाले दुकानात तोंड लपवायचे.

पाटी फुटली त्या संध्याकाळी त्यांनी घरात जाहीर केलं, "आता हिला लष्करी अकादमीच."

अकादमीबद्दल त्यांचं मत जुनं आणि ठाम होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ते वर्षानुवर्षं सांगत आले होते की ते काही कॉलेज नव्हे. ज्यांच्यापुढे आईबापांनी हात टेकले, त्या पोरांची ती जागा. शहाण्यासुरत्या मुलाला तिथे कोण घालेल? घड्याळवाल्यांचा उनाड थोरला तिथून सुतासारखा सरळ होऊन आला, हा त्यांचा पुरावा. बबडी हे ऐकतच मोठी झाली होती. निदान आता तरी घाबरेल, असं त्यांना वाटलं.

बायकोने रडून पाहिलं. वय आहे, निवळेल, म्हणाली. चष्मेवाले बधले नाहीत. बबडी मात्र मान खाली घालून नुसतं "बरं" म्हणाली.

हे "बरं" त्यांना काही पटेना. पोरगी प्रवेश परीक्षेत मुद्दाम नापास होणार, अशी त्यांना धास्ती. म्हणून दुकान लवकर बंद करून ते रोज तिच्यासमोर पहारा देत बसले. ती पास झाली, तीही वरच्या नंबराने. धावणं, पोहणं, दृष्टी, सगळ्यांत उत्तम. अखेर बसला म्हणायचा धाक, चष्मेवाले मनाशी म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

पोहोचवायला ते एकटेच गेले. फाटकापलीकडे उन्हात मुलं कवायत करत होती आणि कुणीतरी त्यांच्यावर खेकसत होतं. चष्मेवाले ते पाहतच राहिले. आपण हे काय करून बसलो?

बबडीने पिशवी खाली ठेवली. मग जुन्या सवयीने त्यांचा चष्मा काढून घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि अलगद त्यांच्या डोळ्यांवर परत ठेवला. लहानपणी पुसायची, अगदी तसाच.

चष्मेवाल्यांना राहवलं नाही. "चल, घरी जाऊ," ते म्हणाले. "झालं गेलं विसरलो मी. तू मुळात गुणाची आहेस, बाळा. ही जागा तुझ्यासारखीची नाही."

इतकी ओरडाओरड, इतक्या शिक्षा झाल्या, पण बबडीचा चेहरा कधी उतरला नव्हता. तो आता पांढराफटक पडला. तिने फाटकाचा गज घट्ट धरला.

"बाबा, असं नका ना करू," ती म्हणाली. "एवढं बिघडायला मला तीन वर्षं लागली."