सर्व रकाने निरंक

"ये फॉर्म किसने भरा?" मुख्याध्यापिका सिस्टर टोप्पोंनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. आवाज असा, की समोर पालक नव्हे, चोर बसलाय.

"मैंने," श्यामकांत म्हणाला. त्यात लपवायचं काय होतं? नवं राज्य झाल्यापासून तो मंत्रालयात कागदच तर भरत होता. तिथे रिकामा रकाना दिसला की फाईल परत येते, म्हणून लिहायला काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं, हा त्याचा शिरस्ता. लग्नपत्रिकेत एखादा कोपरा रिकामा राहिला असता तर यानं तिथेही निरंक लिहिलं असतं, असं शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, रमाला, कधीकधी वाटे.

"ये बच्ची को खुद भरना था." सिस्टर वाचू लागल्या. "किस बात का डर लगता है? निरंक. सहेलियाँ? निरंक. मन की बात किससे कहती हो? निरंक."

दहावीतल्या पोरीच्या मनाची अख्खी चौकशी, वळणदार अक्षरात, खाली बापाची सही. रमाचे कान तापले. हा कागद तिला घरी कुणी दाखवलाच नव्हता. शेवटच्या रकान्यात आपलं नाव यायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि पाठोपाठ तिचीच खात्री होईना. ऋता तिच्याशी बोलायची ते 'हाँ', 'नहीं' आणि 'खा लिया'. तेही हिंदीत.

"और ये दूसरा." सिस्टरांनी हॉकीचं संमतीपत्र काढलं. राजनांदगावला आज सामना होता. बस फाटकाशी उभी होती आणि संघाची गोलकीपर ऋता तिच्यात बसून होती. सही नसेल त्या मुलीला उतरवायचं, असा नियम. संमतीपत्रावर श्यामकांतनं लाल शाईत लिहिलं होतं: अस्वीकृत.

"बोर्ड का साल है, सिस्टर. हमने पढ़ने भेजा है, डंडा घुमाने नहीं."

"आपकी बेटी रिसेस में अकेली बैठती है. अपना डिब्बा रोज़ दूसरों को दे देती है. मालूम है? पूरे स्कूल में उसकी आवाज़ बस मैदान में सुनाई देती है."

घरी डबा रोज रिकामा येई, आणि रमाला बरं वाटे. घासताना तेवढंच समाधान. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आवाज़ का क्या करना है?" श्यामकांत म्हणाला. "बोर्ड में आवाज़ के नंबर मिलते हैं?"

"नंबर हमको भी चाहिए, और शील्ड भी. गोलकीपर के बिना टीम नहीं जीतती. और ग्यारहवीं का एडमिशन भी इसी टेबल से होगा, इतना याद रखिए."

"धमकी दे रही हैं?"

"याद दिला रही हूँ."

सिस्टरांना पोरीचा कळवळा नव्हता असं नाही. पण ढालीचं नाव निघालं तसे त्यांचे डोळेही श्यामकांतसारखेच दिसू लागले. दोघंही आपापल्या पोळीवर तूप ओढत होती आणि तूप बिचारं बसमध्ये बसलं होतं.

"जा, पोट्टीले उतरव," श्यामकांत रमाकडे न बघता म्हणाला. "मी बोलून राहिलो न इथं."

रमा उठली. पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आली तेव्हा बसचं इंजिन सुरू होतं. दारात खेळाच्या विजया मॅडम यादी धरून उभ्या होत्या. पहिल्याच खिडकीत ऋता होती, मांडीवर गोलकीपरचे पॅड. तिला आई येताना दिसली. तिनं काही विचारलं नाही, तोंडही वाकडं केलं नाही. पॅड उचलून शेजारच्या मुलीच्या मांडीवर ठेवले आणि आपली पिशवी खांद्याला लावली. रोजचंच काम असल्यासारखे तिचे हात चालले होते. रडली असती तर रमानं समजूत घातली असती आणि घरी नेलं असतं. हे मात्र तिला बघवेना.

"दीदी, पर्ची?" विजया मॅडमनी विचारलं.

"सिस्टर के पास है." हे खोटं नव्हतं. लाल शाईसकट ती तिथेच होती.

"साइन हो गया ना?"

"हव."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. इतकं सरळ खोटं आपण याआधी कधी बोललो, हे रमाला आठवेना.

ऋता उठता उठता थांबली. "मम्मी, पापा ने..."

"पॅड घे तुझे," रमा म्हणाली. "आपली वस्तू दुसऱ्याले काहून देते?"

बस हलली. वळणावर पोरींनी एकच गलका केला. त्यात ऋताचा आवाज कोणता, हे रमाला कान देऊनही ओळखता आलं नाही.

मागून चपलांचा आवाज आला. श्यामकांत दोन्ही कागद घेऊन पायऱ्या उतरत होता. लढाई जिंकल्यासारखी चाल होती. रिकाम्या फाटकाकडे बघून तो थबकला.

"पोट्टी कुठाय?"

"गेली."

"गेली? मी तुले उतरवाले पाठवलं होतं न. कोनाले विचारून जाऊ दिलं तिले?"

"कोनालेच नाही," रमा म्हणाली. "तिच्या तोंडाकडे पाह्यलं."