एकशे बारा

आईच्या दंडावरच्या चकतीवर आकडा होता एकशे बारा. शलाकानं घरात आल्या आल्या आधी तोच पाहिला, मग आईचा चेहरा.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत शलाकाला यायला जरा उशीर झाला, तरी आईची, इंदुताईंची साखर तीनशेला भिडायची. गोड त्यांनी कधीच सोडलं होतं. साखर वाढायची ती काळजीनं. पायाचं बोट कापावं लागलं, तेव्हा शलाकानंच या नव्या चकतीच्या कागदांवर सही केली. मनावर ताण आला की चकती औषध सोडायची आणि साखर चढण्याआधीच ताण विरून जायचा. "आता त्यांना कसलाच त्रास होणार नाही," डॉक्टर म्हणाले होते.

म्हणजे वर्षभर लपवलेली गोष्ट आता सांगायला हरकत नव्हती.

"आई, मी आणि निनाद वेगळे झालो. मी एकटीच राहते."

चकती हलकेच थरथरली.

"हो का?" इंदुताई म्हणाल्या. "चहा टाकू?"

एकशे बारा.

शलाकानं चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली आणि दारात चपला घालत ती म्हणाली, "येते गं."

मग ती उगीचच रेंगाळली. शाळेच्या सहलीपासून आजवर, या दारातून निघताना पाठीमागून एक वाक्य यायचंच आणि ती दर वेळी वैतागायची. पोचलीस की फोन कर.

तिनं चपलेचा पट्टा सोडून पुन्हा लावला.

"दार ओढून घे," आई हसून म्हणाली.