प्लगिनला परवानगी

"माझ्या डेटाबेसला तुमची खेळणी जोडायची नाहीत," ठोसर भर मीटिंगमध्ये कडाडले. रक्तपेढीचा तो जुना डेटाबेस त्यांनी एकट्याने उभा केला होता, एकट्यानेच सांभाळला होता.

नव्या मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे छोट्या-छोट्या स्वतंत्र प्रोग्रॅम्सच्या, नोंदी त्यात साठवणारा प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, ऋजुताने लिहिला होता. "प्लगिन ठीक आहे," ती म्हणाली, "परवानगी तुम्ही मुद्दाम अडवलीय. आडमुठेपणा आहे हा!"

साहेबांनी दरडावल्यावर ठोसरांनी दातओठ खात परवानगी दिली. पहिली नोंद लगेच जमा झाली. टाळ्या पडल्या.

"चला, आता ठोसरांवाचून काही अडणार नाही," साहेब हसले.

ऋजुताला हेच तर हवं होतं. ठोसरांनी कीबोर्डवरचा हात काढला आणि खालच्या आवाजात तिलाच विचारलं, "म्हणजे मी उद्यापासून येऊ नको का?"

तिने साहेबांकडे पाहिलं. ते अजून हसतच होते.