मुष्टिवीराचा डावा डोळा

मुष्टिवीराच्या मुखवट्याला एकच भोक होतं, उजव्या डोळ्यापुरतं. स्वप्नालीने दादाच्या कॉमिकची पानं पुन्हा मागे उलटली. पहिल्या भागात हाच मुष्टिवीर माजलगावचा साधा बॉक्सर होता आणि त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते. पुढे त्याने रिंगण सोडलं आणि मुखवटा चढवला. का सोडलं, ते मात्र हनुमानदादाने कुठेच लिहिलं नव्हतं.

ती चहा घेऊन ओसरीवर आली. रविवारी बीडला दादाची बॉक्सिंगच्या निवडीची लढत होती, तरी सराव सोडून तो चित्र रंगवत बसला होता.

"दादा, ह्यानं बॉक्सिंग कावून सोडलं?"

"ठरवलं न्हाई अजून."

"आन् डावा डोळा कावून झाकला?"

"स्टाइल हाय ती, शास्त्रज्ञबाई! कॉलेजात हेच शिकवत्यात का? जा, आधी चहा आण."

स्वप्नाली जागची हलली नाही. वाफाळता कप तिने मघाशीच त्याच्या डाव्या हाताशी ठेवला होता.

"चहा आणलाय, दादा."

त्याने अख्खी मान वळवली, तेव्हा कुठे त्याला कप दिसला.

"कधीपास्नं?" तिने हळूच विचारलं.

"परभणीच्या लढतीपास्नं. डॉक्टर म्हणले, अजून मार बसला तर हाय तेवढंबी दिसायचं न्हाई."

आतून वडिलांची हाक आली, "हनम्या, सरावाला जायचं न्हाई का बे?"

हनुमानने ब्रश खाली ठेवला.

"न्हाई, आबा. मी बॉक्सिंग सोडलं."