सुट्टीच्या दिवशीची सुनावणी

"मला न्यायाधीशांपुढे कधी नेणार?" चष्मेवाल्याने पुन्हा विचारलं, आणि या खेपेला अधिकाऱ्याने हातातलं पेन खाली ठेवलं.

"चोवीस तासांच्या आत. कायदाच आहे तसा. उद्या सकाळी नेतो."

चष्मेवाला बुचकळ्यात पडला. शिव्या, दमदाटी, मारहाण, सगळ्याची त्याने मनोमन तयारी ठेवली होती. हा माणूस तर त्याला बोटही लावत नव्हता.

त्याच्या चष्म्यांच्या दुकानात चोरीच्या फ्रेमा विकल्याचा आरोप हे नुसतं निमित्त होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पोलिसांना हवी होती त्याची धाकटी बहीण. ती इस्पितळात नर्स होती. याच ठाण्याच्या कोठडीतून आणलेल्या एका तरुणाचं प्रेत तिने पाहिलं, त्याच्या पाठीवरच्या वळांचे फोटो काढले आणि त्याच दिवसापासून ती दिसेनाशी झाली. ती कुठे आहे हे फक्त भावाला माहीत होतं. अधिकारी अधूनमधून तिची चौकशी करी, चष्मेवाला कानांवर हात ठेवी, आणि विषय तिथेच संपे.

सकाळी खरंच गाडी आली. सुट्टी असल्यामुळे न्यायाधीश आज घरीच काम बघताहेत, असं अधिकाऱ्याने सांगितलं. गाडीला मागे खिडक्या नव्हत्या. बरीच वळणं घेत ती कुठेतरी थांबली.

न्यायाधीशांचं घर चष्मेवाला पहिल्यांदाच बघत होता. जीव मुठीत धरूनसुद्धा त्याची नजर चौफेर फिरत राहिली. जाडजूड पुस्तकांचं कपाट, मोठं रिकामं टेबल, आणि टेबलामागे काळ्या कोटातले पन्नाशीचे न्यायाधीश. त्यांचा चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. काड्या जरा वाकवून दिल्या तर नीट बसेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

न्यायाधीशांनी आधी पोलिसांना बाहेर काढलं. मारलं का, जेवायला दिलं का, घरी कळवलं का, असं एकेक विचारलं. घरी कळवलेलं नाही हे ऐकताच अधिकाऱ्याला आत बोलावून त्यांनी असं काही फैलावर घेतलं की तो मान खाली घालून उभा राहिला. चष्मेवाल्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. या जगात कायदा नावाची चीज होती तर.

अधिकारी बाहेर गेला. दार पुन्हा बंद झालं.

"तुमच्या बहिणीच्या जिवाला धोका आहे," न्यायाधीश हलक्या आवाजात म्हणाले. "मी तिला कोर्टाचं संरक्षण देऊ शकतो. पण ती कुठे आहे तेच माहीत नसेल तर मी काय करणार?"

जाताना धाकटीने बजावलं होतं, दादा, काही झालं तरी पोलिसांजवळ तोंड उघडू नकोस. जे सांगायचं ते कोर्टात सांगू.

हे कोर्टच होतं.

"दूध डेअरीच्या मागे, आमच्या मावशीकडे आहे ती," तो म्हणाला. "फोटोही तिच्यापाशीच आहेत. साहेब, तिला सांभाळा."

न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला. काळजी करू नका, म्हणाले.

कोठडीत परतल्यावर त्याला कालपासून पहिल्यांदाच भूक लागली. आलेलं जेवण त्याने चाटूनपुसून खाल्लं. कोर्टाची माणसं दारात बघून धाकटी आधी घाबरेल, दादाने पाठवलंय म्हटल्यावर तिच्या जिवात जीव येईल, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. आपणही लवकरच सुटू, असं त्याला वाटलं.

बाहेर बुटांचा आवाज झाला. ठाण्यात एवढी कसली गडबड, म्हणून त्याने गजांतून डोकावून पाहिलं. व्हरांड्यात अधिकारी उभा होता. टोपी सारखी करत, कमरेचा पट्टा आवळत न्यायाधीश लगबगीने त्याच्यापुढे आले आणि टाचा जुळवून त्यांनी कडक सलाम ठोकला.